खुर्ची मागून बघा, जमलं तर खालूनही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला तो कसा कळला ते सांगतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही ऐरोलीत राहता, कोलशेतला टू बीएचके घेतलाय आणि दिवाळीत तिकडे राहायला जायचंय. एका शोरूमने ‘मिड-सेंच्युरी’ (म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याची शैली) या नावाखाली डायनिंग टेबल, सहा खुर्च्या आणि एक आरामखुर्ची असा सेट दाखवला आणि त्याचा आकडा ऐकून तुम्ही दोघं गप्प झालात. तेवढ्यात वाशीला त्याच काळातल्या फर्निचरचं प्रदर्शन भरल्याचं कळलं. तुम्ही विचारताय की जावं का, आणि गेलो तर बघायचं काय, कारण फोटोत तर त्या खुर्च्या सरकारी कचेरीतल्या वाटतात. आणि अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंय की सासऱ्यांनी त्यांच्या कंपनीच्या लिलावात घेतलेल्या वेताच्या चार सागवानी खुर्च्या माळ्यावर पडून आहेत, त्या भंगारात द्याव्यात का.

भंगारात देऊ नका. का ते पुढे येईलच.

वागळे इस्टेटमध्ये माझं जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. माल येतो तो गिरगाव-दादरच्या जुन्या बिऱ्हाडांतून, नौपाड्यात पाडायला काढलेल्या इमारतींतून, जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारातून. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. फर्निचर कळायला शैलींची नावं पाठ असावी लागत नाहीत. बसणाऱ्याचं वजन कुठून कुठे उतरतं आणि बनवणाऱ्याने लाकूड कुठे वाचवलंय, एवढं दिसू लागलं की खुर्ची कळायला लागते. प्रदर्शनातली, शोरूममधली आणि माळ्यावरची, तिन्ही खुर्च्यांना तुम्ही एकाच नजरेने बघू शकलात तर शोरूमच्या आकड्याचं काय करायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तू त्या काळातल्या आहेत, की मूळ आराखड्याचे हक्क असलेल्या कंपनीने आज बनवलेल्या, की कुणीतरी केलेल्या नकला, हे वाशीला जाऊनच कळेल. वस्तूशेजारच्या पाटीवर दोन सालं असायला हवीत, आराखड्याचं आणि प्रत्यक्ष बनवल्याचं. एकच साल असेल तर तिथल्या माणसाला सरळ विचारा. हात लावू देतील का, बसू देतील का, हेही आयोजकांवर आहे. खऱ्या जुन्या खुर्चीवर बसू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. आणि घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर सगळा हिशेबच बदलतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी थोडं त्या काळाबद्दल. ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हे नाव रुळलं १९८० च्या दशकात, पण वस्तू मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या. युद्धात विमानांसाठी प्लाय आणि ते चिकटवायचे नवे गोंद यांच्यावर भरपूर काम झालं होतं. युद्ध संपल्यावर हे तंत्र हातात होतं, घरं लहान होती, पैसा कमी होता आणि लोकांना एकदम खूप सामान हवं होतं. या ओढाताणीतून ते फर्निचर घडलं. बारीक पाय, जमिनीपासून उचललेली बैठक, नक्षीकाम नाही, हे सगळं दिसायला छान म्हणून नंतर चिकटवलेलं नाही. पाय बारीक ठेवला तर लाकूड वाचतं, बैठक उचललेली असली तर खालून झाडू फिरतो आणि छोटी खोली मोकळी वाटते. कोलशेतच्या हॉलमध्ये याचा प्रत्यय तुम्हाला पहिल्याच दिवशी येईल.

अमेरिकेतल्या चार्ल्स आणि रे ईम्स या फर्निचरचे आराखडे करणाऱ्या जोडप्याचं उदाहरण घ्या. युद्धात त्यांनी अमेरिकी नौदलासाठी पायाला बांधायच्या प्लायच्या खपच्या बनवल्या, दीड लाखाच्या वर. मोडलेला पाय हलू नये पण कातडीला काचू नये, यासाठी प्लायला एकाच वेळी दोन दिशांनी वळण द्यावं लागतं, आणि ते फार अवघड काम आहे. प्लायच्या पातळ पापुद्र्याला एका बाजूला वाकवणं सोपं, पण वाटीसारखा खोलगट आकार द्यायला गेलात की तो चिरतो. त्या खपच्यांमध्ये म्हणून जागोजागी कापे आणि भोकं ठेवलेली आहेत, ताण सुटायला. प्रदर्शनात त्यांची प्लायची खुर्ची असेल तर बैठक आणि पाठ वेगवेगळ्या तुकड्यांची का, याचं उत्तर इथे आहे. एकाच तुकड्यात तो आकार देण्याच्या खटपटीत प्लाय चिरत होता.

हे दोघं १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्याकडे आले होते. देशभर फिरले आणि सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांना सगळ्यात भावलेली वस्तू होती लोटा, म्हणजे आपला तांब्या. हा तांब्या कुणी एकाने बसून घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या तो घडत आला, असं म्हणून त्यांनी त्याला प्रश्नांची एक लांबलचक माळ लावली. पाणी किती मावावं? धरणारा हात केवढा, बाईचा की पुरुषाचा? डोक्यावरून न्यायचा की कमरेवर? रिकामा असताना आणि भरलेला असताना तोल कुठे जातो? ओतताना धार कशी पडते? आतून घासता येतो का? दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो? किंमत काय, आणि मोडीत गेला तर किती येतील?

तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच, की वाशीला जाताना ही माळ बरोबर न्या आणि त्यांच्याच खुर्च्यांना लावा. बसणारा कोण? बसताना तोल कुठे जातो आणि उठताना कुठे? सरकवली तर लादीवर आवाज कसा येतो? एका हाताने उचलते का? फडकं कुठे पोचत नाही? मोडली तर कोण दुरुस्त करणार? मी प्रत्येक खुर्चीला हेच विचारतो, मग ती कोपनहेगनची असो नाहीतर कोपरीची.

आता दोन-तीन वस्तू जरा जवळून.

ईम्सची वाटीची खुर्ची तुम्ही न ओळखता शंभरदा पाहिली असेल. घोडबंदर रोडच्या कुठल्याही कॅफेत शिरा, पांढरी प्लास्टिकची वाटी, खाली चार लाकडी पाय आणि मधे काळ्या सळयांची जाळी. मूळची वाटी १९५० मध्ये फायबरग्लासची आली. त्याच्या आधी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४८ मध्ये स्वस्त फर्निचरची स्पर्धा ठेवली होती, तिथून ती सुरू झाली. कल्पना अशी होती की वाटी एकच, पाय हवे ते. जेवायला एका प्रकारचे पाय, कचेरीत दुसऱ्या, झुलायचं असेल तर खाली धनुष्यासारखे वळलेले. जुनी वाटी असेल तर कडेने तिरपं बघा, आत काचेचे तंतू केसांच्या गुंत्यासारखे दिसतात. कॅफेतली घ्या, पृष्ठभाग सपाट, एकरंगी. मग वाकून बघा की पाय वाटीला कसे जोडलेत. चांगल्या खुर्चीत मधे रबराच्या चकत्या असतात, त्यामुळे माणूस बसला की वाटी किंचित देते. स्वस्त नकलेत स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये फिरवलेला असतो. दोन वर्षांत तिथूनच भेग जाते. असे तुटलेले नग माझ्याकडे दर महिन्याला येतात आणि मला ते परत पाठवावे लागतात, कारण त्याला दुरुस्ती नाही.

हेच रबर त्यांच्या प्रसिद्ध आरामखुर्चीतही आहे, १९५६ ची, काळं चामडं आणि वळवलेलं प्लाय. पाठीचे लाकडी तुकडे रबराच्या चकत्यांनी धरलेले असतात आणि त्या चकत्या लाकडाला गोंदाने चिकटवलेल्या असतात. साठ-सत्तर वर्षांनी गोंद सुकतो, आणि कुणी धपकन टेकला की पाठ निखळते. ‘कृपया बसू नये’ ही पाटी त्यासाठी असते.

डॅनिश खुर्च्यांपुढे थोडा जास्त वेळ द्या. हान्स वेग्नर यांनी १९४९ मध्ये केलेली एक खुर्ची बहुधा असेलच. पाठीला इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा, वर अर्धगोल कठडा आणि विणलेली बैठक. ती बैठक कागदाच्या दोरीची असते, एका खुर्चीला साधारण १२० मीटर दोरी लागते. पूर्वी तिकडे समुद्री गवताची दोरी वापरत, युद्धात ती मिळेनाशी झाली तेव्हा कागद पिळून दोरी करायला लागले आणि ती टिकलीही. आता मागचा पाय बघा. तो वाकलेला वाटतो, पण वाकवलेला नाही, जाड फळीतून त्या आकारात कापून काढलाय. ओळखायचं कसं? लाकडाच्या रेषा बघा. लाकूड वाफेवर वाकवलं असेल तर रेषा वळणाबरोबर वळतात. कापलं असेल तर रेषा सरळ राहतात आणि वळणावर कडेतून बाहेर पडतात. याच खुर्चीचा वरचा कठडा मात्र वाफेने वाकवलेला असतो, तिथे रेषा वळणाबरोबर जाताना दिसतील. एकाच खुर्चीत दोन्ही रीती आहेत. हा फरक तुम्हाला एकदा दिसला की कुठल्याही शोरूममध्ये तुम्ही लाकडाकडे वेगळ्या नजरेने बघाल. नकलेत कठडा चार तुकडे जोडून करतात आणि सांधे गडद पॉलिशखाली झाकतात. म्हणून गडद पॉलिश दिसलं की मी जरा जवळ जातो.

कोपनहेगनच्या सुतारसंघाने १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी प्रदर्शन भरवलं, आणि त्यात आराखडा करणारा आणि रंधा मारणारा बरोबरीने उभे असायचे. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे अजून कुणी फर्निचर बघून ‘सुतार कोण?’ असं क्वचितच विचारतं. आणखी एक. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. त्या काळात त्यांच्याकडे जे सागाचं फर्निचर झालं त्याचं लाकूड आशियातून बोटीने गेलेलं. आपल्या आजोबांच्या घरातल्या लाकडाचाच तो भाऊबंद.

अमेरिकेतले वास्तुकार सारिनेन यांचं एका खांबावरचं टेबल-खुर्ची असेल तर थोडक्यात आटपा. टेबलाखालचा पायांचा गुंता त्यांना घालवायचा होता आणि त्यांनी तो घालवला, १९५७ मध्ये. सगळं एकाच पदार्थाचं करायचं मात्र जमलं नाही, खांब अॅल्युमिनियमचा आणि वाटी फायबरग्लासची, वरून एकच रंग. डॅनिश वास्तुकार आर्ने याकोबसेन यांची १९५२ ची तीन पायांची प्लायची खुर्ची एका औषध कंपनीच्या कँटीनसाठी होती, पाठीला मधे जी बारीक कंबर आहे ती प्लाय वळावं म्हणून. दिवे, घड्याळं, कपबशा तुमच्या आवडीने बघा. त्यात मला फारशी गती नाही.

आणि आता तुमची ‘सरकारी कचेरीतली’ खुर्ची. ती खरोखरच सरकारी कचेरीतली आहे. तुमची नजर अगदी बरोबर आहे.

फाळणीत लाहोर गेलं आणि पंजाबला नवी राजधानी हवी होती, म्हणून चंडीगड वसवलं. आराखडा वास्तुकार ल कोर्बुझिए यांचा, पण तिथे मुक्काम ठोकून राहिले ते त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे. १९५१ ला आले आणि १९६५ पर्यंत राहिले. नव्या शहरातल्या कचेऱ्या, वाचनालयं, वसतिगृहं, न्यायालयं, सगळ्यांना खुर्च्या-टेबलं हवी होती आणि पैसे बेताचे होते. तेव्हा त्यांनी आणि युली चौधरींसारख्या इथल्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेत घेऊन साधे आराखडे केले. वेगवेगळ्या ठिकाणच्या सुतारांनी ते हाताने बनवले. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या मोजल्या तर अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. जानरे १९६७ मध्ये जिनीव्हाला वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी चंडीगडच्या सुखना तलावात सोडल्या.

पुढे या खुर्च्या मोडल्या, गच्च्यांवर ढीग लागले आणि भंगाराच्या भावाने लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्या लाखोंना विकल्या जाऊ लागल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने असं वारसा फर्निचर विकायला आणि बाहेर पाठवायला मनाई केली. भंगारात देऊ नका असं मी वर का म्हणालो ते आता लक्षात आलं असेल. सासऱ्यांच्या खुर्च्या चंडीगडच्या असतील असं मी म्हणत नाही, तशी शक्यता फारच कमी आहे. पण त्या काळात मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांत, बँकांत, रेल्वेत जे सागवानी सामान झालं ते त्याच विचाराने झालं. तेच लाकूड, तोच वेत, तीच काटकसर.

ही खुर्ची वाशीला असेल तर तिच्याजवळ दहा मिनिटं थांबा. आधी बाजूने बघा. पुढचा आणि मागचा पाय वर खुर्चीच्या हाताखाली एकत्र येतात, उघडलेल्या कंपासासारखे. माणूस बसला की हे दोन पाय फाकायला बघतात, आणि त्यांना धरून ठेवते ती मधली आडवी पट्टी, जिच्यावर बैठक टेकलेली असते. म्हणजे सगळा ताण त्या आडव्या पट्टीच्या दोन टोकांवर. बारीक चीर असेल तर तिथेच असेल, जुनी दुरुस्ती असेल तीही तिथेच. मग मागे जा. पाठीच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाने खात्याची अक्षरं आणि आकडे लिहिलेले असतील. कुठल्या खात्याची, कितवी खुर्ची, याची ती नोंद. नकली माल विकणारे ही अक्षरंही काढतात, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर विश्वास नको. पायाचं तळ बघा. पन्नास-साठ वर्षं रोज फरशी धुतली गेली तर पायाचा खालचा दोन बोटं उंचीचा भाग काळपट होतो आणि कडा गोल होतात, त्याही सगळीकडे सारख्या नाही. पॉलिश पेपरने केलेली गोलाई चारही पायांना एकसारखी असते.

त्या पांढऱ्या अक्षरांबद्दल एक सांगायलाच हवं. धंद्यात पाचेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. पाचपाखाडीतले एक निवृत्त गृहस्थ लिहायचं एक लहान सागवानी टेबल घेऊन आले. पॉलिश उडालं होतं, एक पाय हलत होता. मी मन लावून काम केलं, सगळं खरवडलं, घासलं, लाखेचं पॉलिश आरशासारखं केलं. न्यायला आले तेव्हा टेबलाच्या मागच्या पट्टीवरून त्यांनी हात फिरवला आणि विचारलं, ‘इथला नंबर?’ ज्या खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली तिथून निवृत्तीच्या वेळी ते टेबल रीतसर पैसे भरून त्यांनी घेतलं होतं. तो नंबर त्यांना तोंडपाठ होता. रागावले नाहीत, पैसे दिले, टेम्पोत टेबल चढवलं. पण जाईपर्यंत हात त्या पट्टीवरच होता. चूक माझी होती आणि ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती. तेव्हापासून वस्तू आली की आधी पालथी घालायची, सगळ्या बाजूंचे फोटो काढायचे, जे काही लिहिलंय ते वहीत उतरवायचं आणि मगच हत्यार लावायचं, असा शिरस्ता ठेवलाय.

वेत कसा बघायचा तेही सांगतो, कारण हे तुम्हाला शोरूममध्ये लगेच उपयोगी पडेल. हाताने विणलेल्या बैठकीत चौकटीला ओळीने भोकं असतात आणि प्रत्येक पट्टी त्या भोकातून खाली जाऊन शेजारच्या भोकातून वर येते. दोन उभे थर, दोन आडवे आणि दोन तिरपे, मग कडेला गोट. वाकून खालून बघितलं की चौकटीखाली छोटे छोटे फासे दिसतात. दुसरा प्रकार म्हणजे यंत्रावर विणलेली तयार जाळी. ती कापून चौकटीच्या खाचेत दाबतात आणि वरून वेताची पट्टी ठोकतात. खाली फासे नसतात. तयार जाळी वाईट नाही, पण ती हातविणीच्या किमतीत विकली जाऊ नये. तुमच्या शोरूमच्या खुर्चीखाली हात घालून बघा.

आता गुडघ्यांचं. बरोबर टेप न्या. जेवणाच्या खुर्चीची बैठक साधारण १७-१८ इंचांवर असते, त्या काळातल्या आरामखुर्च्या १४-१५ इंचांवर आणि मागे उतरत्या. बसायला सुख, पण उठताना सगळा भार गुडघ्यावर. सासूबाई-सासरे तुमच्याबरोबर राहणार असतील तर त्यांच्यासाठी १७ इंचांच्या खालचं काही घेऊ नका, आणि हात हवेतच, पुढपर्यंत आलेले, म्हणजे त्यांवर रेटा देऊन उठता येतं. दुसरं, आपण खुर्चीवरही मांडी घालून बसतो. बैठकीची रुंदी वीस इंचांच्या आत असेल आणि दोन्हीकडे हात असतील तर मांडी बसत नाही. कोपनहेगनच्या सुतारासमोर हा प्रश्न नव्हता, तुमच्यासमोर आहे. शोरूममध्ये चप्पल काढून खुशाल मांडी घालून बसून बघा.

आणि आपली हवा. ठाण्याचे चार महिने चामड्याला बुरशी आणतात, कागदाच्या दोरीला ओल चालत नाही, हलक्या प्लायच्या कडा फुगतात. सागवान आणि वेत ही हवा सोसतात. चंडीगडला सागवान निवडलं त्यामागे वाळवी आणि दमट हवा सोसण्याचा त्याचा गुण होताच. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण बाहेरचा पांढुरका कच्चा भाग देतो, म्हणून फळीच्या कडेला पांढरट पट्टा दिसला तर तो किती आहे ते बघा. शोरूमवाल्याला विचारायचे प्रश्न तीनच. लाकूड गाभ्याचं सागवान, रबरवूड (रबराच्या झाडाचं लाकूड) की वर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा नुसता पातळ पापुद्रा? सांधे कुसू-खाचेचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, की नुसते स्क्रूचे? बैठक उद्या गेली तर ती कोण विणणार? नीट उत्तरं आली तर आकडा जास्त असला तरी मी तुम्हाला अडवणार नाही. सागवान आणि हातविण स्वस्त नसतेच, आणि ते करणाऱ्याला त्याचे पैसे मिळायला हवेत.

प्रदर्शनाला जाताना आठवड्यातली सकाळ गाठा. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी जवळच आहे. सगळं बघायचा अट्टाहास करू नका, पाच वस्तू निवडा आणि प्रत्येकीभोवती पूर्ण फेरी मारा. एकाने खाली वाकून बघावं, दुसऱ्याने बाजूने, आणि मग काय दिसलं ते एकमेकांना सांगा. गाडी वाशीत शिरली की खिडकीबाहेरही बघा. हे शहरही त्याच पिढीच्या डोक्यातून निघालेलं आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास खाडीपलीकडच्या नव्या शहराचा प्रस्ताव मांडला आणि १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली.

राहिल्या माळ्यावरच्या चार खुर्च्या. उतरवा आणि सपाट लादीवर ठेवा. पाठीवर हात ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगली तर सांधा सुटलाय, आणि ते अगदी सोपं काम आहे. फक्त वरून फेविकॉल ओतू नका आणि कुणाला खिळा किंवा लोखंडी पट्टी ठोकू देऊ नका. सांधा पूर्ण उघडून, जुना सरस खरवडून, नवा गोंद लावून शिकंज्यात रात्रभर धरावा लागतो. खाली पांढरा कागद पसरून दोन दिवस ठेवा, बारीक पीठ पडलं तर किडा जिवंत आहे, ती खुर्ची लगेच वेगळी काढा. वेत तुटला नसेल, नुसता सैल झाला असेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याचं पिळलेलं फडकं दाबून धरा आणि रात्रभर पंख्याखाली वाळू द्या, बराचसा ताणला जातो. पॉलिश कुठलं ते कळायला बैठकीच्या खाली, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर लाखेचं आहे. तसं असेल तर ते खरवडायची गरज नाही, त्यावरच नवा हात चढतो. पण पावसाळी हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून ते काम दसऱ्यानंतर घ्या. दिवाळीपर्यंत वीसेक दिवस मिळतात आणि चार खुर्च्यांना तेवढे पुरतात. मग शोरूमकडून फक्त टेबल आणि दोन खुर्च्या घ्यायच्या का, हे तुम्ही दोघं ठरवा. चार जुन्या आणि दोन नव्या एका टेबलाभोवती मला तरी चांगल्या दिसतात.

खुर्च्या उतरवल्यावर बैठकीच्या खालचा आणि मागच्या पायांच्या सांध्यांचा फोटो इथे टाका, मी बघून सांगतो. आणि पाठीच्या पट्टीवर कुठे पांढरी अक्षरं किंवा आकडे दिसले, तर त्यांवर ओलं फडकंसुद्धा फिरवू नका. आधी सासऱ्यांना बोलावून दाखवा.